भिवाजीचा ट्रक आणि कव्हरावरचं कव्हर

एका जंगलात एक अस्वल होतं आणि त्या अस्वलाचा एक ट्रक होता.

बाळांनो, जंगलात ट्रक कुठून आला, असं लगेच विचारू नका. ज्या जंगलात कोल्हे बोलतात आणि सिंह दरबार भरवतात, तिथे ट्रक असायला कोणाची हरकत आहे? रस्ता होता. रस्त्यात खड्डे होते. म्हणजे ट्रक असणारच.

अस्वलाचं नाव भिवाजी. त्याचा मधाचा धंदा होता. पूर्वी तो मधाचे डबे पाठीवर घेऊन घाटापलीकडच्या बाजाराला चालत जाई. बाजार येईपर्यंत निम्मे डबे हलके झालेले असत. "वाटेत सांडत असेल," असं भिवाजी म्हणे आणि तोंड पुसे.

त्याची बायको मंजुळा हुशार होती. ती म्हणाली, "अहो, आपण ट्रक घेऊ या. ट्रक चालवताना तुमचे दोन्ही पंजे गुंतलेले राहतील. मग काही सांडायचं नाही."

असा ट्रक आला. लालभडक. मंजुळाने त्याला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं, चाकाखाली नारळ ठेवला. सगळं जंगल बघायला जमलं. कोणी चाकाला लाथ मारून पाहिली. कोणी हॉर्न वाजवला. हरणांनी आरशात स्वतःला बघून घेतलं.

भिवाजीला मात्र बाहेरचं काहीच दिसत नव्हतं. त्याचा जीव जडला होता ट्रकच्या केबिनवर. काय ती सीट! राखाडी, गुबगुबीत, बसलं की हळूच खाली जाणारी आणि उठलं की पुन्हा फुगणारी. शेजारी क्लीनरसाठी लांबलचक दुसरी सीट, तीही तशीच. समोरचा डॅशबोर्ड असा चकचकीत, की त्यात भिवाजीला आपल्या नाकाचं टोक दिसे. आणि वास! नव्या ट्रकला एक वास असतो, बाळांनो. तो कशाचा असतो ते कोणालाच ठाऊक नाही. पण तो गेला की जीव हळहळतो.

सुरुवातीचे दिवस मोठ्या मजेत गेले. भिवाजी ट्रक चालवी. मंजुळा शेजारी मांडी घालून बसे, बोरं खाई आणि बिया खिडकीबाहेर थुंके. डबे भरलेले पोचत. बाजारातली माकडं म्हणत, "भिवाजीराव, हल्ली तुमचा मध वाढला की!"

मग एके सकाळी भिवाजीने केबिनचं दार उघडलं आणि तो किंचाळला.

"मंजुळे! हे काय?"

मंजुळा धावत आली. सीटवर चिखलाचा एक पंजा उमटला होता.

"कोणाचा गं हा पाय?"

मंजुळाने शांतपणे त्याचा पाय उचलला आणि डागावर ठेवला. तंतोतंत बसला.

तिने ओलं फडकं आणलं, दोनदा फिरवलं. डाग गेला. भिवाजीची धास्ती मात्र गेली नाही. आज चिखल आहे, उद्या नख लागेल. परवा कापड फाटेल. मग फोम बाहेर येईल. मग स्प्रिंग. त्या दिवशी भिवाजी जेवला नाही. थोडा मध चाटला, पण तो काही जेवणात धरत नाहीत.

वडाखाली नकुलशेठ मुंगुसाचं दुकान होतं. ट्रकला लावायच्या नाना वस्तू तिथे मिळत. गोंडे, झालरी, रबरी पायपुसणी, प्लास्टिकचं लिंबू-मिरची. नकुलशेठ अंगाने बारीक, पण जीभ लांब. मोठमोठे साप त्याच्या बोलण्याने वेटोळं सोडून सरळ होत, असं म्हणतात.

"भिवाजीदादा, मला एक सांगा," नकुलशेठ म्हणाला, "सीट झिजते कशानं?"

"कशानं?"

"बसण्यानं."

भिवाजीला हे आजवर सुचलंच नव्हतं.

"मग बसायचं नाही?"

"छे छे! बसा की. बिनधास्त बसा. पण सीटवर बसू नका. कव्हरवर बसा." आणि नकुलशेठने एक कव्हर झटकून पसरलं. जाड, तपकिरी, कडेला लाल शिवण.

भिवाजी कव्हर घेऊन आला. घातलं. बसला. सीट झाकली गेली, आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

दोन-चार फेऱ्या झाल्या, आणि त्याच्या लक्षात आलं की कव्हरही सुंदर आहे. शिवण तर काय सुरेख! आणि आपण त्याच्यावर बसतो आहोत. तो पुन्हा वडाखाली गेला.

"मला वाटलंच होतं तुम्ही याल," नकुलशेठ म्हणाला. "सामान्य गिऱ्हाईक एका कव्हरवर थांबतं. जाणकार परत येतो." आणि त्याने कव्हराचं कव्हर काढलं.

आपल्याला जाणकार म्हणणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, बाळांनो. तुम्हीही मोठे झालात की म्हणू शकणार नाही.

मग सुरूच झालं. दोन्ही सीटवर आणखी कव्हरं चढली. पायाखाली रबरी मॅट आली. मॅट घाण होऊ नये म्हणून तिच्यावर सतरंजी आली, आणि सतरंजीवर जाड प्लास्टिक. डॅशबोर्डवर लोकरीची झूल चढली, आता त्यात नाकाचं टोक दिसेना. स्टिअरिंगला फरचं वेष्टण झालं, गिअरच्या दांडीला विणलेली टोपी. दरवाजांना आतून गाद्या लागल्या. छताला झालर आली, म्हणजे डोकं घासून छत काळं पडायला नको. ब्रेकलासुद्धा एक मोजा चढला.

शेवटी नकुलशेठ म्हणाला, "दादा, खरं नुकसान कोण करतं सांगू? तुमची नखं." आणि त्याने नखांच्या टोप्या विकल्या. वीस नखांच्या वीस टोप्या. ट्रकमध्ये चढण्याआधी भिवाजी त्या घालत बसे, आणि मंजुळा डबे चढवत असे.

नियमही झाले. केबिनमध्ये खायचं नाही. पाय धुतल्याशिवाय चढायचं नाही. पाय ओले असताना तर मुळीच चढायचं नाही. खिडकी उघडायची नाही, धूळ येते आणि नवा वास जातो. एकदा भर उन्हात बंद काचांमागे भिवाजी घामाघूम होऊन स्टिअरिंगवर आडवा झाला. मंजुळाने काच खाली करून वारा घातला. डोळे उघडताच तो म्हणाला, "काच वर कर."

मंजुळाने काच वर केली. ती उतरली, मागे गेली आणि मधाच्या डब्यांवर जाऊन बसली.

"अगं, तिथे का बसलीस?" भिवाजीने विचारलं.

"इथे बोरं खाता येतात," मंजुळा म्हणाली.

भिवाजीला थोडं वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण पुढे पाहिलं तर शेजारची सीट मोकळी, स्वच्छ, चुणीसुद्धा न पडलेली. मग त्याला तितकंसं वाईट वाटेना. तेव्हापासून मंजुळा मागेच बसू लागली, आणि मधल्या छोट्या काचेतून त्याचं गिअर टाकणं बघू लागली.

भिवाजीच्या शेजारी केरबा साळिंदर राहत असे. गरीब स्वभावाचा, सरळमार्गी. अंगावर काटे असल्यामुळे त्याला कोणी मिठी मारत नसे, आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नसे. त्याची बायको साळू गरोदर होती, पहिलटकरीण.

एक दिवस ऊन वर आल्यावर केरबा धापा टाकत आला. "भिवाजीदादा! साळूच्या पोटात दुखायला लागलंय. ट्रक काढा! नदीवर न्यायला पाहिजे, सुईणीकडे."

आता, साळिंदराचं बाळंतपण करायला सुईण कशी हवी? पाठीने टणक. असं सगळ्या जंगलात एकच जण होतं, ते म्हणजे नदीकाठची कासवआजी. हात फार गुणाचा. पण तिला निरोप पाठवून बोलावण्यात अर्थ नव्हता. बाळंतपणाला बोलावली, तर बाळाच्या लग्नाला पोचायची. म्हणून बाळंतिणीलाच तिच्याकडे न्यावं लागे, आणि नदी होती घाटाच्या पलीकडे.

"काढतो की!" भिवाजी म्हणाला. तो मनाचा चांगला होता. "पटकन मागे चढवा."

"मागे?" केरबा म्हणाला. "अहो, घाटात खड्डे किती आहेत! मागे तिला डब्यासारखी आदळत न्यायची?"

भिवाजीने साळूकडे पाहिलं. ती बिचारी झाडाला टेकून कण्हत होती. प्रत्येक कळेसरशी तिचे काटे ताठ उभे राहत होते. एकेक काटा वीतभर लांब, टोकाला सुईसारखा. भिवाजीने ते काटे पाहिले आणि मग केबिनकडे पाहिलं. त्याच्या पोटातही कळ आली.

"एक मिनिट हं," तो म्हणाला. "नकुलशेठकडे काट्यांसाठी खास कव्हर आलंय. आत्ता आणतो. हा गेलो आणि हा आलो."

"अहो!" मंजुळा म्हणाली.

पण तो पळालासुद्धा होता. नकुलशेठने खास कव्हर काढलं, त्याची तारीफ केली, त्याच्यावर घालायचं अजून एक दाखवलं. भिवाजी दोन्ही घेऊन परत वळतो तो काय! ट्रक सुरू झाल्याचा आवाज. ट्रक हलला. लाल ट्रक धूळ उडवत त्याच्या समोरून निघाला, आणि स्टिअरिंगवर मंजुळा!

"मंजुळे! नख-टोप्या घातल्यास का?"

मंजुळाने उत्तर म्हणून हॉर्न दिला.

भिवाजी धावला. जन्मात धावला नव्हता असा धावला. मागचा फाळका त्याच्या हाताला लागला, आणि कव्हरांसकट तो आत पालथा पडला. तिथे केरबा डबे धरून बसला होता.

"तुम्हीपण मागे?" केरबाने विचारलं.

घाट सुरू झाला. ट्रक असा उसळे, की भिवाजी एकदा डब्यावर आदळे, एकदा केरबावर. केरबावर आदळण्यापेक्षा डबे बरे, हे त्याला लवकर कळलं. मंजुळा रोज इथे बसून येते, हेही त्याला तेव्हाच आठवलं. त्याने मधल्या काचेतून पाहिलं. मंजुळाने ब्रेकचा मोजा ओढून खिडकीबाहेर फेकला होता, दोन्ही काचा खाली केल्या होत्या आणि ती साळूला म्हणत होती, "ओरड गं बाई, खुशाल ओरड. इथे सगळीकडे गाद्याच आहेत."

नदी आली. कासवआजी काठावर ऊन खात बसली होती. भिवाजी आणि केरबाने तिला दोन बाजूंनी उचललं आणि केबिनमध्ये ठेवलं.

"बाईला खाली घ्यायचं का?" केरबाने विचारलं.

कासवआजीने मान बाहेर काढली. लांब सीट दाबून पाहिली, दारं दाबून पाहिली, वर झालरीकडे पाहिलं. "कशाला?" ती म्हणाली. "एवढी मऊ जागा माझ्याकडे कुठली? व्हा बाहेर सगळे."

केरबा चाकाभोवती घिरट्या घालू लागला. मंजुळाने कासवआजीच्या चुलीवर पाणी ठेवलं. भिवाजी डोळे मिटून बसला. आतून साळूची किंकाळी आली, आणि पाठोपाठ 'टर्र' असा आवाज. किंकाळीला केरबा दचकला. 'टर्र'ला भिवाजी.

मग अगदी बारीक आवाज आला. चिक् चिक्. थोड्या वेळाने आणखी एक, चिक् चिक्.

दार उघडलं. साळू दमून हसत होती. तिच्या कुशीत दोन पिल्लं होती, ओली, गुलाबी, आणि अंगावर ओल्या गवतासारखे मऊ काटे. केरबा रडायलाच लागला. मंजुळानेही डोळे पुसले. तिने साळूला आणि पिल्लांना अलगद खाली घेतलं आणि काठावरच्या वाळूत पालापाचोळ्याच्या बिछान्यावर निजवलं.

भिवाजी केबिनमध्ये शिरला. सीटवर काट्यांचं रान उभं होतं. त्याने पहिलं कव्हर उचललं. आरपार भोकं. दुसरं, आरपार. तिसरं, चौथं, सगळी चाळण. एकेक थर उचलत, देवाचं नाव घेत तो अगदी खाली पोचला.

बाहेर येऊन तो गदगदून बोलला, "मंजुळे! अगं, काय सांगू!"

"पाहिलीत ना बाळं?" मंजुळा कौतुकाने म्हणाली.

"पाहिलं!" भिवाजी म्हणाला. "एकही भोक नाही!"

मंजुळाने पाठ फिरवली. मग ती पाणी भरायला नदीत उतरली.

ही बातमी जंगलात पसरली. नकुलशेठने दुकानावर पाटी लावली, 'साळिंदरीण बाळंत झाली, सीटला काही झालं नाही.' ती भोकाभोकांची कव्हरं त्याने मागून नेली आणि वडाच्या पारंब्यांवर वाळत घातल्यासारखी टांगली. लांबलांबून जनावरं बघायला येऊ लागली. भिवाजीला त्याने सन्मानाने ओवाळलं आणि नवी कव्हरं दिली, आधीपेक्षा जाड. भिवाजीने ती सगळी घातली. आता तर खात्रीच पटली होती.

पण गंमत अशी झाली, बाळांनो, की शेवटचं कव्हर घातल्यावर भिवाजी केबिनमध्ये मावेना. खालून सीट वर आली होती, वरून छत खाली आलं होतं. दारांच्या गाद्या दोन्ही बाजूंनी पुढे सरकल्या होत्या. मध्ये राहिली होती ती एका सशाची जागा. भिवाजीने आधी डोकं घालून पाहिलं, मग पाय घालून पाहिलं. पोट आत ओढलं. पोट आत गेलं, पण मग पाठ बाहेर आली.

"मी चालवते," मंजुळा म्हणाली. "मी मावते."

"नको नको. मागच्या वेळी तू मोजा फेकलास."

ट्रक दारात उभा राहिला. भिवाजी रोज त्याच्यावरची धूळ झटके. मध साठत गेला. डब्यातला मध फसफसून बुडबुडे यायला लागले. माश्यांना बातमी लागली. मंजुळाने दोन डबे डोक्यावर घेतले आणि ती चालत बाजाराला गेली. परत आली तेव्हा तिच्या पायाला फोड आले होते. दारातल्या ट्रकला टेकून ती खाली बसली आणि काटा काढावा तसा तिने एकेक शब्द काढला.

"हे बघा. एक तर कव्हरं काढा. नाहीतर ट्रक विका."

भिवाजीने तिच्या पायांकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले. आपण चुकलो, हे त्याला कळलं. अगदी आतपर्यंत कळलं. तो उठला, केबिनपाशी गेला. त्याने वरच्या कव्हराचं टोक धरलं. लाल शिवण होती. तिच्यावरून त्याने बोट फिरवलं. मग त्याने मन घट्ट केलं.

आणि ट्रक विकला.

घेणारा होता रंगराव तरस, हाडांचा व्यापारी. मोठा खुशालचेंडू. कशावरही हसायचा. हाडांच्या गोणी गाढवांवर लादून लादून कंटाळला होता. त्याने ट्रकला एक फेरी मारली, दार उघडलं, आत पाहिलं आणि खो खो हसत सुटला.

"दादा, हा ट्रक आहे की रजईवाल्याचं दुकान?"

भिवाजी त्याला कव्हरांचा क्रम समजावून सांगू लागला. कुठलं कशावर, कुठलं उलटं धुवायचं. रंगरावाने ऐकलंच नाही. त्याने दोन्ही हात आत घातले आणि ओढलं. फर्र! कव्हरं बाहेर. गाद्या बाहेर. झालर, सतरंजी, झूल, दांडीची टोपी, सगळं बाहेर. दारात ढीग लागला. भिवाजीने डोळे झाकून घेतले.

"अरे वा!" रंगराव ओरडला.

भिवाजीने बोटं किंचित उघडून पाहिलं. आत सीट होती. राखाडी, गुबगुबीत, जशी पहिल्या दिवशी होती तशी. डॅशबोर्ड चकचकीत होता. आणि वास! तोही तसाच, जणू कोणी बाटलीत भरून ठेवला होता. रंगराव चिखलाच्या पायांनी वर चढला. सीटवर दाणकन बसला. दोनदा उसळून पाहिलं. खिशातून एक हाडूक काढून दातात धरलं.

"कोरा करकरीत!" तो म्हणाला. "दादा, तुम्ही हा कधी वापरलाच नाही की काय?"

"जपून वापरला," भिवाजी म्हणाला. ट्रक जाणार याचं त्याला वाईट वाटत होतं. पण खोटं कशाला बोला, त्याला अभिमानही वाटत होता. तो मंजुळेकडे वळला. "बघितलंस? कसा राहिलाय!"

"बघितलं," मंजुळा म्हणाली.

रंगरावाने ट्रक सुरू केला. "मी बाजाराकडेच निघालोय. चला, सोडतो तुम्हाला. मधाचे डबे टाका मागे. या वहिनी, बसा पुढे."

मंजुळाने पायसुद्धा धुतले नाहीत. ती चढली, खिडकीशी बसली आणि दुखरे पाय सरळ डॅशबोर्डवर टाकले. सीट तिच्याखाली हळूच खाली गेली. "अगं बाई," ती डोळे मिटून म्हणाली, "किती मऊ आहे हो ही!"

भिवाजी तिच्या शेजारी येऊन बसला. म्हणजे बसला असं म्हणायचं. एका हाताने वरची कांबी धरून तो बूड अधांतरी ठेवून राहिला होता.

"टेका की दादा नीट," रंगराव म्हणाला. "आता तुमचा थोडाच आहे!"

भिवाजीने एकदा रंगरावाकडे पाहिलं, एकदा मंजुळेकडे. ती बोरं खात होती. तिने एक बोर त्याच्यापुढे धरलं. बोर घ्यायला त्याने कांबी सोडली, आणि तो धपकन सीटवर बसला. बसला तो बसला, घाट संपेपर्यंत उठला नाही. आपल्या ट्रकची सीट कशी आहे, हे त्याला त्या दिवशी पुन्हा कळलं. इतकी मऊ होती, हे तो विसरूनच गेला होता.

तात्पर्य : बाळांनो, वस्तू नेहमी जपून वापरावी. झाकून ठेवावी, पुसून ठेवावी, तिच्यावर कोणाला बसू देऊ नये. अशी वस्तू वर्षानुवर्षं नवीच्या नवी राहते. मात्र हे सगळं शेजाऱ्याने करावं, आणि आपण त्याच्याकडून ती जुन्यात घ्यावी.